‘एका संशोधनानुसार’ म्हणजे नेमकं कुठल्या?

गेल्या महिन्यात रक्तदाबाच्या एका आजींनी गोळी परस्पर बंद केली. मुलाच्या व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता : ‘अमेरिकेतील संशोधनानुसार साठीनंतर बीपीच्या गोळ्यांची गरज नसते.’ मी मुलाला विचारलं, कुठलं संशोधन? कोणी केलं? कुठे छापलं? तो म्हणाला, “ते नव्हतं लिहिलं, डॉक्टर.”

वैद्यकीय लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत संदर्भांची यादी असते. ती तुम्हाला कंटाळवाणी वाटेल. शिकत असताना मलाही वाटायची. एखादा अर्धविराम चुकला तरी सर प्रबंध परत पाठवायचे! आज मात्र वाटतं, ती शिस्त रुग्णाच्या भल्याची आहे.

पूर्वी प्रत्येक नियतकालिकाची संदर्भ लिहिण्याची तऱ्हा वेगळी असे. १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हॅन्कुव्हर शहरात जमले आणि त्यांनी एक समान पद्धत ठरवली. मजकुरात फक्त क्रमांक द्यायचा आणि शेवटी त्याच क्रमाने लेखक, शीर्षक, नियतकालिकाचं नाव, वर्ष, खंड, पान हे सगळं लिहायचं. हिला व्हॅन्कुव्हर पद्धत म्हणतात. थोडक्यात, हा त्या माहितीचा पूर्ण पत्ता. नुसतं ‘पुण्यात राहतात’ म्हटलं तर माणूस सापडेल का?

आता असाच एक पत्ता बघा : न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, १९८०, खंड ३०२, पान १२३. तिथे काय आहे? जेमतेम पाच वाक्यांचं पत्र. बोस्टनच्या दोन संशोधकांनी लिहिलं होतं की, रुग्णालयात अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांना व्यसन लागल्याची ठोस नोंद आहे. घरी महिनोन्‌महिने या गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. तरीही ‘या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून हे पत्र वर्षानुवर्षं पुढे केलं गेलं. अमेरिकेत या गोळ्या सढळ हाताने लिहून दिल्या गेल्या, आणि अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेने तिथे पुढे लाखो माणसं दगावली. सगळा दोष त्या पत्राचा नाही, पण वाटा नक्कीच आहे.

२०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी याचा हिशोब मांडला. या पत्राचा संदर्भ ६०८ वेळा दिला गेला होता. त्यातल्या ४३९ लेखांत तो ‘व्यसन क्वचितच लागतं’ याच्या समर्थनासाठी होता आणि ४९१ लेखांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे सांगितलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, “डॉक्टर, इथे तर पत्ता बरोबर होता, तरी फसगत झालीच की!” खरं आहे. संदर्भ नीट लिहिला म्हणून मजकूर खरा ठरत नाही. पण पान क्रमांक एकच आहे, हे पाहूनसुद्धा शंका यायला हवी होती : एवढा मोठा दावा आणि पुरावा एका पानाचा? डॉक्टरांनी पान उघडलं नाही, ही आमची चूक. मात्र ३७ वर्षांनी का होईना, चोरी पकडता आली ती पत्ता लिहिलेला होता म्हणूनच. सगळ्यांनी नुसतंच ‘एका संशोधनानुसार’ लिहिलं असतं तर मोजणार काय आणि उलटतपासणी कोणाची करणार?

म्हणून माझं मत असं की, आरोग्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने, डॉक्टरांनी तर आधी, दाव्यासोबत पूर्ण संदर्भ द्यावा. आणि तुम्ही तो मागावा, माझ्याकडेसुद्धा. इंग्रजी समजत नसेल तर तेवढी ओळ मोबाइलमध्ये घेऊन दवाखान्यात या, आपण मिळून बघू. संदर्भच नसेल, तर निदान चालू गोळी त्या मेसेजवरून बंद करू नका.

आजींच्या मुलाने मेसेज पाठवणाऱ्याला संदर्भ विचारला. उत्तरादाखल दोन जोडलेले हात आणि एक गुलाबाचं फूल आलं. आजींची गोळी पुन्हा सुरू केली आहे. पुढच्या सोमवारी बीपी तपासायला बोलावलंय.