शरणपूर ते मोंबासा : एका धर्मप्रसार-यात्रेचे विसरलेले मानकरी

१/ नाशिकमध्ये ‘शरणपूर रोड’ हे नाव दिवसातून कितीदा तरी कानांवर पडते. दुकाने, दवाखाने, वाहतुकीची कोंडी एवढीच आज त्या नावाची ओळख उरली आहे. पण ‘शरणपूर’ म्हणजे आश्रयास आलेल्यांचे गाव. येथे कोण आश्रयास आले होते आणि पुढे त्यांना कोठे पाठवण्यात आले, हे शोधू लागले की वाट थेट पूर्व आफ्रिकेतील मोंबासा बेटापाशी जाऊन पोहोचते. आजचा धागा त्या प्रवासाविषयी.

२/ मित्रहो, ‘मिशनरी आणि दूरचे बेट’ म्हटले की आपल्याला नोव्हेंबर २०१८ आठवतो. अंदमानातील उत्तर सेंटिनेल बेटावर जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण बंदी मोडून गेला आणि मारला गेला. त्या चित्रात दोनच बाजू आहेत : बाहेरून आलेला प्रचारक आणि बेटावरचे लोक. नाशिकची कथा या चित्रात बसत नाही. येथून जे पाठवले गेले, ते स्वतःच पळवून विकलेली मुले होती. इतिहासाने त्यांना ‘मिशनचे मदतनीस’ म्हणून तळटीपेत ठेवले. माझे मत असे की, ही कथा मुळात त्यांचीच आहे.

३/ पार्श्वभूमी पाहू. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून माणसे धरून किनाऱ्यावर आणली जात आणि गलबतांतून अरबस्तानाकडे व इराणच्या आखाताकडे विकली जात. ब्रिटिश आरमार अशी गलबते अडवी. सुटका झालेल्यांना घर कोठे हेही अनेकदा सांगता येत नसे. त्यांतील पुष्कळांना मुंबईत उतरवले जाई. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली होती. पुढे तेथेच या आफ्रिकन मुलांसाठी आश्रम सुरू झाला. अक्षरओळख, हातचा व्यवसाय, बाप्तिस्मा आणि एक नवे इंग्रजी नाव त्यांना तेथे मिळाले. आईवडिलांनी ठेवलेली त्यांची नावे मात्र बहुतांशी कागदावर उतरलीच नाहीत.

४/ आता मोंबासा. ते ‘दूरचे’ होते का? लंडनहून पाहिले तर होय. पण पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरून पाहिले तर मुळीच नाही. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांना ही वाट पूर्वापार ठाऊक होती. १५९३ मध्ये पोर्तुगीजांनी तेथे बांधायला घेतलेल्या फोर्ट जीझसचा कारभार गोव्याच्या हुकमतीखाली चाले. मोंबासाचा राजपुत्र युसुफ बिन हसन गोव्यात ऑगस्टिनियन साधूंच्या देखरेखीखाली वाढला. तो दों जेरोनिमो या नावाने ख्रिस्ती झाला आणि १६२६ मध्ये राजा म्हणून परतला. १६३१ मध्ये त्याने किल्लेदाराला ठार केले आणि पुन्हा इस्लाम स्वीकारला. माणूस येथे घडवून तिकडे पाठवायचा, हा प्रयोग नाशिकच्या आधी गोव्यात होऊन गेला होता. पाठवलेला माणूस पाठवणाऱ्यांच्या मुठीत राहतोच असे नाही, हेही तेव्हाच दिसले होते.

५/ १८४४ मध्ये जर्मन मिशनरी योहान लुडविग क्राफ मोंबासात आले. काही महिन्यांतच त्यांची पत्नी आणि नवजात मुलगी दगावली. पुढे त्यांनी योहानेस रेबमान यांच्यासह बेटासमोरच्या मुख्य भूमीवर रबाई येथे केंद्र उभारले. क्राफ परत गेल्यावर रेबमान तेथे जवळजवळ एकटे पडले. त्यांच्या मदतीला १८६४ मध्ये नाशिकहून विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे तरुण सपत्नीक पाठवण्यात आले. त्यांच्याच पिढीतला जॉर्ज डेव्हिडही त्या किनाऱ्यावर काम करू लागला.

६/ शरणपूरची मुले आणखी एका प्रवासात दिसतात. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी १८६६ मधील अखेरच्या मोहिमेसाठी येथून काही तरुण नेले. पुढे मदत म्हणून आणखी काही गेले. त्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांच्या आफ्रिकन साथीदारांनी देह महिनोन्महिने वाहून किनाऱ्यावर आणला. जेथे त्यांचे हृदय पुरले, तेथे प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. या प्रवासाची दैनंदिनीही त्याने लिहून ठेवली आहे. म्हणजे ही माणसे मुकी नव्हती. आपणच त्यांना वाचले नाही.

७/ १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणाऱ्या गुलामव्यापारावर बंदी घातली. नव्याने सुटणाऱ्या गुलामांसाठी आफ्रिकेतच वसाहत हवी आणि तिचा कणा नाशिकचे आफ्रिकन असावेत, असे ठरले. प्राइस स्वतः मोंबासाला गेले. १८७५ मध्ये बेटासमोरच्या किनाऱ्यावर वसाहत उभी राहिली. नाशिक-मुंबईहून सुमारे दीडशे जण तेथे गेले. वसाहतीला नाव मात्र मिळाले ‘फ्रेअरटाउन’.

८/ याला कागदोपत्री ‘परत पाठवणे’ म्हणतात. मला हा शब्द खटकतो. जेकबचा जन्म याओ समाजातला. त्या लोकांचा मुलूख न्यासा सरोवराच्या बाजूला, मोंबासापासून शेकडो मैलांवर. त्यांच्यासारख्यांना मोंबासा माहेर नव्हते. तेथील लोक त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. भारतात ते आफ्रिकन ठरले आणि आफ्रिकेत मुंबईकर. एकदा बळाने उचलले आणि दुसऱ्यांदा सदिच्छेने हलवले. दोन्ही वेळी मुक्काम ठरवणारे दुसरेच होते.

९/ फ्रेअरटाउनमध्येही मान सहज मिळाला नाही. वेतनावरून कुरबुरी झाल्या. युरोपियन पोशाख केला तर तो उद्धटपणा ठरला. वसाहतीच्या युरोपीय व्यवस्थापकाने फटके मारण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा १८८१ च्या सुमारास चौकशी झाली. जोन्स व सेम्लर यांना उपदेशकाची पहिली दीक्षा मिळाली ती १८८५ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांच्या सेवेनंतर. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन यांची बुसोगात हत्या झाली आणि तांड्यातील उरलेल्या माणसांना घेऊन परतण्याची जबाबदारी जोन्सवर पडली.

१०/ आता कळीचा मुद्दा. समुद्रावरचा व्यापार बंद झाला, तरी सुलतानाच्या मुलखात गुलाम बाळगणे कायदेशीरच होते. केनियाच्या किनाऱ्यावर ते १९०७ पर्यंत टिकले. मालकांशी वैर नको म्हणून पळालेल्या गुलामांना थारा देऊ नये, असे मिशनचे धोरण होते. जोन्स आणि डेव्हिड यांनी थारा दिला. १८८८ पर्यंत रबाईत असे शेकडो लोक राहत होते. प्रकरण पेटले, तेव्हा ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि मिशन-केंद्रांवरील सुमारे १,४०० जणांना मुक्तीचे दाखले मिळाले. धोरण लंडनमध्ये ठरले होते, पण स्वतः विकले गेलेल्या माणसाला दाराशी आलेल्या पळपुट्या गुलामाला हाकलणे जमले नाही. खरे शरणपूर त्यांनी तेथे वसवले.

११/ काही मित्र म्हणतील, मिशननेच त्यांना वाचवले. काही म्हणतील, मिशनने त्यांना वापरून घेतले. दोन्ही विधानांना पुरावा आहे. पण दोन्ही विधानांत कर्ता मिशनच राहतो आणि जोन्स कर्मपदी उरतो. धर्मांतरावरचा आपला आजचा वाद त्यांच्यावर लादला, तर पुन्हा एकदा त्यांचा मुक्काम आपणच ठरवू. इतिहासाच्या विद्यार्थ्याने निदान वाक्याचा कर्ता तरी बदलून पाहावा.

१२/ मी हे देवळाली कॅम्पात बसून लिहीत आहे. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सैनिक याच छावणीत महिनोन्महिने पडून राहत. त्या कंटाळ्यातून आमच्या गावाच्या नावावरून ‘डूलॅली’ हा वेडसरपणाचा शब्द इंग्रजी कोशात गेला. घरी जाण्यासाठी ताटकळलेल्या त्या सैनिकांसाठी कोशात जागा झाली. येथून जवळच, घर कोठे हेच विसरायला लावलेली मुले वाढली. त्यांच्यासाठी आपल्या पाठ्यपुस्तकात एक परिच्छेदही नाही.

१३/ फ्रेअरटाउनची घंटा आजही मोंबासात आहे. तिच्यावरून त्या भागाला ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेची जागा, असे म्हणतात. तेथे आठवण जागती आहे. नाशिकमध्ये फक्त रस्त्याचे नाव आहे, आणि त्याचा अर्थ सांगणारा साधा फलकही मला दिसलेला नाही. तो फलक लावायचा झाला, तर त्यावर प्राइस आणि फ्रेअर यांच्या आधी विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर, जॉर्ज डेव्हिड आणि जेकब वेनराइट ही नावे असावीत. त्यांची पहिली नावे आपल्याला सापडणार नाहीत. दुसरी तरी हरवू देऊ नयेत.