वजन पापडाचे करावे, लाटणारीचे नव्हे

“माणूस घरी बसून खरोखर काम करतो आहे, हे आम्हाला कळणार कसे?” हिंजवडीतल्या एका कंपनीच्या व्यवस्थापकाने हा प्रश्न मला विचारला तेव्हा मी गप्प बसलो. उत्तर सुचले ते परतीच्या वाटेवर, भूमकर चौकात बस अर्धा तास जागची हलेना तेव्हा. उत्तर कसले, उलटा प्रश्नच तो: ऑफिसात बसून तो खरोखर काम करतो आहे, हे तुम्हाला आजवर कसे कळत होते?

तो बसलेला दिसत होता, एवढेच कळत होते. घरून कामाचा सगळा वाद या ‘दिसण्या’पाशी अडला आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण तो मांडणारी माणसे लहानसहान नाहीत. याहूच्या तेव्हाच्या प्रमुख मरिसा मायर यांनी 2013 साली, म्हणजे करोनाच्या कितीतरी आधी, कर्मचाऱ्यांना घरून ऑफिसात परत बोलावले होते. इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी 2023 मध्ये घरून कामाच्या सापळ्यात पडू नका, असे तरुणांना जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी इलॉन मस्क यांनी तर हा नीतीचाच प्रश्न केला: कारखान्यातल्या कामगाराला रोज यावे लागते, मग लॅपटॉपवाल्यांनीच घरी का बसावे? या पक्षाचे आक्षेप चार. घरून काम हे करोनाचे खूळ आहे. घरी माणूस ढिला पडतो. नवखा काही शिकत नाही. आणि ज्यांना ही सोय मिळूच शकत नाही त्यांच्यावर अन्याय होतो.

पहिला आक्षेप खोडायला फार लांब जायला नको, गिरगावापर्यंत गेले तरी पुरे. 15 मार्च 1959 रोजी तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. पुढे बसलेली पद्धत साधी आहे. पीठ शाखेत मळले जाते. सभासद बायका, ज्यांना तिथे ‘बहिणी’ म्हणतात, ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड घेऊन शाखेत येतात. तिथे माल पारखला जातो, वजन होते आणि वजनाप्रमाणे मजुरी मिळते. तिने लाटले ते पहाटे की दुपारी, मध्ये मुलाला भरवले की शेजारणीशी दोन शब्द बोलली, याची नोंद कुठल्याच वहीत नसते. कारण तिथे वजन पापडाचे होते.

आता दुसरा आक्षेप, कामचुकारपणाचा. त्याला तर्काने नव्हे, मोजून उत्तर दिले गेले आहे. शांघायच्या सीट्रिप या प्रवास-आरक्षण कंपनीने 2010-11 मध्ये एक प्रयोग केला. कॉल सेंटरमधले जे कर्मचारी आपणहून तयार झाले, त्यांच्यातल्या सम तारखेला जन्मलेल्यांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले आणि विषम तारीखवाल्यांना ऑफिसातच ठेवले. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. घरी बसलेल्यांचे काम 13 टक्क्यांनी जास्त भरले आणि त्यांच्यात नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले.

घरून कामाचे भाट हा प्रयोग इथवरच सांगतात. पुढचेही सांगितले पाहिजे. ज्याच्या घरी कामापुरती स्वतंत्र खोली आहे, त्यालाच या प्रयोगात घेतले होते. नऊ महिन्यांनी निवडीची मुभा दिल्यावर बरेच जण ऑफिसात परतले, घरी एकटे पडायला होते म्हणून. आणि घरी बसलेल्यांना, त्यांच्या कामाच्या मानाने, बढत्या कमी मिळाल्या. काम जास्त, बढती कमी! माणूस साहेबाच्या डोळ्यांआड गेला की त्याचे कामही डोळ्यांआड जाते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

मग कंपन्यांनी काय केले, तर काम दिसत नाही म्हणून माणूस दिसेल अशी यंत्रे बसवली. पडद्यावर नावाशेजारी हिरवा ठिपका हवा, माउस हलत राहिला पाहिजे, दर काही मिनिटांनी पडद्याचे छायाचित्र काढले गेले पाहिजे. माणसेही वस्ताद. माउस आपोआप हलवणारी यंत्रे बाजारात आली. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा खोटा देखावा केल्यावरून डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. ही फसवणूकच, तिची बाजू घ्यायची नाही. पण जिथे बोटांची हालचाल मोजली जाते, तिथे बोटांची हालचालच पिकणार. लिज्जतच्या बहिणीला रिकामे लाटणे फिरवून काय मिळाले असते?

तिसरा आक्षेप मात्र मी खोडणार नाही, कारण तो खरा आहे. नवा मुलगा शेजारच्या खुर्चीवरून शिकतो. अडला की मान वळवून विचारतो, वरिष्ठ ग्राहकाशी कसे बोलतो ते कानावर पडते. अनुभवी माणसाला घरी जी शांतता लाभते, तीच नवख्याला पोकळी वाटते. पण यावरून रोज सगळ्यांनी यावे, असे सिद्ध होत नाही. सीट्रिपनेच पुढे, ट्रिप डॉट कॉम झाल्यावर, 1,612 कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला, तो 2024 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिले, तर कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत फरक पडला नाही, राजीनामे मात्र एक तृतीयांशाने घटले. म्हणजे नोकरीला वर्षही न झालेल्या मुलाला ऑफिसात बोलवा, पण त्याला शिकवणाराही त्याच दिवशी तिथे हजर ठेवा. नाहीतर तो मुलगा दोन तास खपून ऑफिसात पोचतो आणि घरी बसलेल्या वरिष्ठाशी पडद्यावरच बोलतो. हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे.

चौथा आक्षेप न्यायाचा. बसचालकाला घरून बस चालवता येत नाही, हे खरे. म्हणून हिशेबनिसाने रोज त्याच बसमध्ये चेंगरत यावे, यात बसचालकाचा कोणता लाभ? उलट हिशेबनीस आला नाही तर बसमध्ये जागा होईल आणि ज्याला यावेच लागते त्याचा रस्ता मोकळा होईल. सर्वांनी सारखे हाल सोसणे याला समता म्हणत नाहीत.

इतके झाल्यावर घरून कामाच्या बाजूचे टाळ्या वाजवतील. त्यांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत.

‘घरून काम म्हणजे स्वातंत्र्य’ असे म्हणणाऱ्याने सोलापूरच्या पूर्व भागात एक चक्कर मारावी. तिथल्या तेलुगूभाषक विडी कामगार बायका पिढ्यानपिढ्या घरूनच काम करत आल्या आहेत. पाने आणि तंबाखू कारखान्यातून न्यायची, हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी घ्यायची. इथेही माल मोजला जातो, मग हेही लिज्जतच का नव्हे? कारण तराजू एकट्या मालकाच्या हातात आहे. पाने कमी भरली किंवा फाटकी निघाली तर भुर्दंड बाईला. विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा अधिकार त्याला. तंबाखूची धूळ तिच्या घरात, तिच्या पोरांच्या छातीत. घरी विड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे, हे कायद्यात यायला 1966 चा विडी व सिगार कामगार कायदा उजाडावा लागला. घरी काम करणाऱ्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार 1996 चा आहे आणि भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. लिज्जतची बहीण संस्थेची भागीदार असते. विडीवाली नसते. दोघी घरीच बसतात, पण फरक हा.

लॅपटॉपवाल्यांनी या दोघींपैकी आपण कोण, ते तपासावे. खुर्ची तुमची, वीज तुमची, इंटरनेट तुमचे, वीज गेली तर इन्व्हर्टरही तुमचा, आणि कंपनी इमारतीचे भाडे वाचल्याचा आनंद साजरा करते. लिज्जतमध्ये नव्या बहिणीचे घर आधी पाहतात. लाटायला स्वच्छ, पुरेशी जागा नसेल तर तिला शाखेतलेच दुसरे काम देतात. आपल्याकडे दोन खोल्यांत पाच माणसे राहतात हे ठाऊक असूनही, ‘तुमच्याकडे बसायला जागा आहे का?’ असे विचारणारी कंपनी मला अजून भेटायची आहे.

यात बाईचे हाल दुप्पट. प्रसूती लाभ कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली. 26 आठवड्यांची रजा संपल्यावर, कामाचे स्वरूप तसे असेल तर मालक आणि कर्मचारी दोघांच्या संमतीने घरून काम करता येईल, अशी तरतूद आली. चांगली तरतूद आहे. पण त्याच दुरुस्तीने 50 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला पाळणाघराचीही सक्ती केली, तिचा उच्चार कोणी करत नाही. मांडीवर बाळ, कानाला हेडफोन आणि आतून सासूबाईंचे ‘घरीच तर आहेस, तेवढा कुकर लाव’ या तिन्हींना मिळून घरून काम म्हणता येणार नाही. घरच्यांनाही कामाची वेळ सांगून ठेवावी लागते, आणि ती पाळायला लावावी लागते.

आता घरून काम शोधणाऱ्यांसाठी. ‘घरबसल्या रोज हजारो कमवा’ ही जाहिरात जिथे दिसेल तिथून निघा. व्हिडिओला लाइक करा, पैसे मिळवा, इथून सुरुवात होते. आधी शे-दोनशे रुपये खरेच येतात, मग मोठ्या ‘टास्क’साठी तुमच्याकडून रक्कम मागतात आणि ती बुडते. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, अनामत, कोणत्याही नावाने मागितले तरी तो चोर समजा. फसलात तर लाजू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकाला फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवायची संधी पहिल्या काही तासांतच असते.

खरे काम मिळवायचे तर आपणही पापडवालीसारखेच जावे, माल हातात घेऊन. भाषांतर येते? दोन पाने करून दाखवा. जमाखर्च सांभाळता? नावे झाकून एका वर्षाचा ताळेबंद समोर ठेवा. प्रोग्रॅम लिहिता? चालणारा प्रोग्रॅम दाखवा. ‘मी मेहनती आहे’ या वाक्याला वजन नसते. काम हाती आले की तीन गोष्टी लेखी विचारा. माझे काम कशाने मोजणार? कोणत्या वेळी हजर राहायचे? साधनांचा खर्च कुणाचा? परदेशी ग्राहक असेल तर दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. न्यूयॉर्क आपल्याहून उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे बदलली की तुमची रात्री साडेआठची बैठक साडेनऊला जाते आणि घरातले जेवण थंड होते. आणि रोज काम संपवताना आज काय झाले, उद्या काय करणार, कुठे अडले, एवढ्या तीन ओळी लिहून पाठवा. पापड शाखेत नेऊन ठेवणे ते हेच.

तेव्हा आमचा पक्ष असा. बसून करायचे, नेऊन दाखवता येणारे काम घरून करू द्यावे. नवख्याला आणि त्याच्या गुरूला एकत्र बसवावे. घरी जागा आहे का ते विचारावे, नसेल तर ऑफिसातली जागा द्यावी, साधनांचा खर्च द्यावा. बढती देताना कोण दिसले हे विसरून काय झाले ते पाहावे. आणि हजेरी मोजणारी यंत्रे मोडीत काढावी.

त्या व्यवस्थापकाचे उत्तर राहिले होते. काम होते की नाही हे कळणार कसे, असे त्याने विचारले होते. साहेब, तराजू आणा. फक्त काटा दोघांनाही दिसेल असा ठेवा.