सकाळीं उठावें कशासाठीं?

‘इकिगाई’ हा जपानी शब्द अलीकडे सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येतो. पुस्तकांच्या दुकानांत त्यावरील ग्रंथांची रास लागलेली असते. तरुण मंडळी तर चार वर्तुळांची एक आकृति काढून दाखवितात: जें आवडतें, जें येतें, जगाला जें हवें आणि ज्याचे पैसे मिळतात, तीं चारी जेथें एकत्र होतात तेथें म्हणे इकिगाई. ही आकृति मुळांत जपानी नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. मार्क विन या लेखकानें २०१४ सालीं दुसऱ्याच एका आकृतींत हा शब्द घालून ती प्रसृत केली. जपानी माणसाच्या नित्याच्या बोलण्यांत या शब्दाचा अर्थ पुष्कळ साधा आहे. ‘इकि’ म्हणजे जगणें, ‘गाई’ म्हणजे त्याचें मोल. नातवाला वाढविणें, अंगणांतील झाडें, एखादा छंद, यांतील कोणतीहि गोष्ट इकिगाई होऊं शकते. तिच्यापासून अर्थप्राप्ति झालीच पाहिजे असा मुळींच नियम नाहीं. आमच्या तेरच्या गोरोबाकाकांस हें समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

या विषयावरील मूळचा गंभीर ग्रंथ मिएको कामिया या मानसचिकित्सक विदुषीनें १९६६ सालीं लिहिला. नागाशिमा बेटावरील महारोग्यांच्या आश्रमांत ती काम करीत असे. तेथील रुग्णांस अन्न, वस्त्र व निवारा मिळे. तरीहि कित्येकांस आपलें जिणें व्यर्थ वाटे. पण त्याच रोगानें ग्रस्त, त्याच बेटावर कोंडलेलीं कांहीं माणसें मात्र भरल्या मनानें जगत होतीं. हा भेद कशानें पडतो, हा तिचा प्रश्न होता. पुढें जपानांतीलच ओहसाकी भागांत ४३ हजारांहून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांची सात वर्षें पाहणी झाली. जगण्यांत कांहीं अर्थ आहे असें ज्यांस वाटत नव्हतें, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण अधिक आढळलें, असा तिचा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. अर्थात् प्रकृति चांगली असली म्हणजे उमेदहि सहज टिकते. तेव्हां अशा आंकड्यांवरून उमेद हें औषधच आहे असें मानण्याची घाई आम्ही करणार नाहीं.

आम्हांस या संदर्भांत धाराशिव जिल्ह्याची आठवण होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, पहांटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील ५२ गांवें उद्ध्वस्त झालीं. आजच्या लोहारा तालुक्यांतील सास्तूर हें त्यांतलेंच. मातींत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा मातीचा भार! उन्हाळ्यांत गारवा देणारीं हीं घरें त्या रात्रीं निजलेल्या माणसांवर कोसळलीं, आणि हजारों लोक प्राणांस मुकले.

मदत पुष्कळ आली, देशांतून आली व परदेशांतूनहि आली. परंतु घेणाऱ्याच्या हातांना काम नसलें म्हणजे मदतहि मनुष्याला बसवून ठेवते. जीं गांवें पुरतीं पडलीं नव्हतीं, तेथें घरें दुरुस्त व बळकट करण्याची योजना सरकारनें जागतिक बँकेच्या साहाय्यानें आंखली. पैसे हप्त्याहप्त्यानें घरमालकाच्या हातीं पडावे व काम त्यानेंच करून घ्यावें, अशी तिची रचना होती. पण गांवकऱ्यांस हें समजावून कोण सांगणार? येथें प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनें एक मार्ग काढला. सुमारें १३०० गांवांतून महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. ज्यांनीं पूर्वी चारचौघांत तोंड उघडलें नव्हतें, त्या भिंतींत आरपार जाणारा दगड कां घालावयाचा, कोपरे कसे बांधावयाचे, माळवदाचा भार कसा उतरवावयाचा हें शिकल्या, घरोघरीं जाऊन सांगूं लागल्या आणि अभियंत्यांस प्रश्न विचारूं लागल्या.

यांतील कित्येकींच्या स्वतःच्या घरीं आप्त गेलेले होते. भूकंपानें त्यांचें कल्याण झालें असें कोणी म्हणेल तर तें क्रौर्य होईल. कामामुळें शोक गेला असेंहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु शेजारीण वाट पाहत आहे, तिच्या भिंतीचें काम आज पाहावयाचें आहे, एवढ्यासाठीं सकाळीं उठणें भाग पडे. आणि अशा अनेक सकाळी मागें पडल्यावर आपण उभ्या आहों हें त्यांचें त्यांस कळलें असावें. २००१ च्या जानेवारींत कच्छमध्यें भूकंप झाला, तेव्हां याच भागांतील स्त्रिया गुजरातेंत गेल्या व आपल्यासारख्याच बायकांजवळ बसून बोलल्या. भाषा निराळी, पण पडलेल्या भिंतीचा विषय दोघींस सारखाच परिचित. पुढें अवर्षणाचीं वर्षें आलीं, तेव्हां घरच्या जमिनींतील एखादा एकर मागून घेऊन त्यांत कमी पाण्यावर डाळी, भाजीपाला व धान्य पिकविण्याचा उद्योग या मंडळांतून वाढला. २०१६ सालीं संस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या विकास विभागाचें ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालें. आम्हांस मात्र त्या पारितोषिकापेक्षां तो मागून घेतलेला एकर मोठा वाटतो.

आपल्या एकत्र कुटुंबांत असें संकट नाहीं, आणि ईश्वर करो व तें न येवो. पण येथें निराळाच प्रकार घडतो. सासूबाईंचे गुडघे दुखूं लागले कीं सून मायेनें म्हणते, “आई, तुम्ही आतां बसा, मी करतें.” मामंजींस चष्मा लावूनहि नीट दिसेना, कीं मुलगा बँकेचीं कामें आपल्याकडे घेतो. हेतु उत्तम असतो. वर्षाभरांत भाजणीचें प्रमाण, फराळाची यादी, वीजबिलाची तारीख, सारें हातांतून जातें. उरतो दूरचित्रवाणीचा संच आणि जेवणाची वेळ. नागाशिमा बेटावरहि अन्नवस्त्र मिळतच होतें!

म्हणून आमच्या भगिनींस व बंधूंस एवढीच सूचना करावीशी वाटते कीं, ज्यावांचून घराचें खरोखर अडेल असें एक तरी काम वडील मंडळींच्या हातीं राहूं द्यावें, मग तें दोन दिवस उशिरां झालें तरी चालेल. नुसतें मन रमविण्यासाठीं दिलेलें काम त्यांच्या तत्काळ लक्षांत येतें. आपण लिहिलेला दुधाचा हिशेब मागाहून कोणी पुन्हां तपासतें आहे हें ज्या आजींनीं एकदां पाहिलें, त्या पुढच्या महिन्यापासून ती वही उघडीत नाहींत.