बोटभर शिपाई, गोल पत्ते

एक धंद्याची आयडिया ऐका. प्लॅस्टिकचे बोटभर उंचीचे शिपाई विकायचे. तेही सुट्या भागांत, न रंगवलेले. गोंद, ब्रश, रंग गिऱ्हाइकानं वेगळे विकत घ्यायचे, महिनोन् महिने बसून सैन्य रंगवायचं आणि मग टेबलावर लढाई खेळायची. किंमत? सणसणीत! कॅनॉटला चहा पिता पिता मित्रांना ही आयडिया सांगून बघा. बिल तुम्हालाच भरायला लावतील.

पण बॉस, हाच धंदा करणारी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची 'गेम्स वर्कशॉप' डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजाराच्या टॉप १०० कंपन्यांत जाऊन बसली. १९७५ मध्ये तीन मित्रांनी सुरू केलेली कंपनी, १९८३ पासून 'वॉरहॅमर' हा हुकमी एक्का, आणि २०२४-२५ ची उलाढाल ६१ कोटी पौंडांच्या पुढे.

मधे आपटलीही होती. २००१ पासून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे शिपाई तुफान खपले. सिनेमे संपले, लाट ओसरली आणि २००६-०७ मध्ये कंपनी चक्क तोट्यात! २०२० मध्ये कोविडनं दुकानं आणि कारखाना दोन्ही बंद पाडले, पण त्यानंतर विक्री उलट वाढली. कशी? माझ्या मते उत्तर त्यांच्या दुकानांत आहे. जगभरात अशी पाचशेच्या वर दुकानं, त्यातली बरीचशी एकटा माणूस चालवतो. नवख्याला तो फुकटात रंगवायला शिकवतो, खेळायला बसवतो. ज्यानं तीन महिने घालून सैन्य रंगवलं, तो ते टाकून जाईल कुठं?

आता आपल्याकडे बघू. हातानं रंगवलेला, बैठकीत खेळायचा खेळ आपल्याकडेही आहे. सावंतवाडीची गंजिफा! गोल पत्ते, वर लाखेची चकाकी. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत, म्हणजे एकूण १२० पानं. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. एवढा जुना शौक. पण छापील ५२ पत्ते स्वस्तात मिळायला लागले आणि १९७० च्या सुमारास सावंतवाडीत पुंडलिक चितारींसारखे मोजकेच जाणकार हात उरले. तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले या राजदांपत्यानं राजवाड्यातच कारखाना काढला. सत्त्वशीलादेवी स्वतः ब्रश घेऊन बसल्या. आजही दरबार हॉलमध्ये कारागीर रंगवताना दिसतात. गंजिफाची चित्रं डब्यांवर, फर्निचरवरही चढली. सॉलिड डोकं! २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं.

मग मला खटकतं काय? गंजिफा विकली जाते, खेळली जात नाही. संच येतो, फ्रेममध्ये किंवा शोकेसमध्ये जातो. फ्रेम केलेला संच माणूस आयुष्यात एकदाच घेतो. खेळणाऱ्याचं पान हरवतं, कोपरे झिजतात, त्याला दुसरा संच लागतो. आपल्या हिमरूचंच बघा ना. बाहेरचे पाहुणे आले की शाल दाखवायला आपण हौसेनं नेतो, पण आपल्यापैकी कितींच्या कपाटात ती आहे? (माझ्याही नाही, कबूल.)

कारागिराच्या आठवडेच्या आठवडे मेहनतीची किंमत असणारच, सगळ्यांना परवडणार नाही. पण शिकायला छापील संचही चालेल. नियम तसे सोपे आहेत. प्रधानाला राजा खातो, हुकूम नाही. गंमत एवढीच, की निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. इथेच नवखे गडबडतात आणि इथेच भांडणं होतात. तिघं जण लागतात, प्रत्येकी ४० पानं. दिवसा बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा, त्याची उतारी. रात्री बसलात तर कृष्णाची.