डायलिसिसची सिस्टर फक्त सुई टोचत नाही

बाभुळगावातल्या आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा आठवड्यातून तीनदा सकाळची बस पकडून यवतमाळला डायलिसिसला जातात. मध्यंतरी त्यांना ताप आला. एका दवाखान्यात सलाईन लावायला त्यांचा डावा हात धरला. चाचांनी तो झटकन मागे घेतला. म्हणाले, "डायलिसिसच्या सिस्टरनं बजावलंय. या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टाही नाही."

त्या हातात फिस्टुला होता. ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडतात, मग ती शीर सुई घेण्याइतकी मजबूत व्हायला कित्येक आठवडे लागतात. फिस्टुला बंद पडला तर पुन्हा ऑपरेशन, तोवर मानेत नळी, आणि नळीसोबत जंतुसंसर्गाचा धोका. चाचा शाळा फारशी शिकलेले नाहीत. पण एका जाणकार सिस्टरनं त्यांना नीट समजावलं होतं, म्हणून तो हात वाचला.

दोस्तांनो, आपण अजूनही नर्सिंगला 'सुई टोचायचं काम' समजतो. डायलिसिस विभागात थोडा वेळ उभे राहून पाहा. मागच्या वेळेपासून पेशंटचं वजन किती वाढलं, म्हणजे अंगात किती पाणी साठलं, हे सिस्टर आधी पाहते. पाणी फार वेगानं काढलं तर बीपी कोसळतो, पायात गोळे येतात. कमी काढलं तर दम लागतो. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये शंभर लिटरहून जास्त शुद्ध पाणी मशीनमधून जातं. त्या पाण्यात दोष असेल तर तो थेट पेशंटच्या रक्ताला बाधतो. हे सगळं ओळखायला अनुभव लागतो, आणि वेगळा अभ्यासही.

शिवाय हिशेब बघा. आठवड्याचे तास 168. त्यातले डायलिसिसचे फक्त 12. उरलेले 156 तास पेशंट घरी असतो, आपल्या दस्तरखानावर असतो. इफ्तारला खजूर, केळी, नारळपाणी समोर येतं. या तिन्हींत पोटॅशियम भरपूर, आणि किडनी निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुरआनात सूरह बकरामध्येच दिली आहे. तरी आपले बुजुर्ग मन मारत नाहीत, आणि संकोचापोटी डॉक्टरांना विचारतही नाहीत. त्यांच्या घरातली बोली बोलणारी, रोजा म्हणजे काय हे जाणणारी सिस्टर समोर असेल तर ते विचारतील आणि ऐकतीलही.

2016 मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळावं, हा त्याचा हेतू. चांगली गोष्ट आहे. पण मशीन निधीतून विकत घेता येते, जाणकार सिस्टर घडवावी लागते. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: डायलिसिस विभागात या कामाचं खास प्रशिक्षण घेतलेल्याच नर्स असाव्यात, त्यांना त्याबद्दल वेगळा दर्जा आणि भत्ता मिळावा, आणि तयार झालेल्या नर्सला उगाच दुसऱ्या वॉर्डात हलवू नये.

दुसरी मागणी आपल्याच घरांकडे आहे. बारावी सायन्स झालेली मुलगी 'नर्सिंग करते' म्हणाली की अब्बा रात्रपाळीचं कारण काढतात. मुलगा म्हणाला तर लोक हसतात. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगनंतर किडनीच्या परिचर्येचं खास शिक्षण घेता येतं, हे कितीजणांना ठाऊक आहे? मधुमेह आणि बीपी किडनी खराब करणारी सगळ्यात मोठी कारणं, आणि हे दोन्ही आजार आज गल्लीगल्लीत आहेत. या ज्ञानाची गरज वाढतच जाणार.

मोहल्ल्यात कुणी आजारी पडलं की आपण गाडी करून देतो, पैसे गोळा करतो, दुआ करतो. ते करत राहूच. यंदा त्यासोबत एका मुलीची किंवा मुलाची नर्सिंगची फीही भरूया. चाचांचा हात ज्या ज्ञानानं वाचला, ते बाभुळगावातही असायला हवं.