फाशाला आठवण नसते!

काय दोस्तांनो, बाहेर पावसाची झड लागलीय, मैदानात घोटाभर चिखल आहे आणि घरातली धाकटी मंडळी "दादा, आता काय खेळायचं? ताई, सांग ना!" म्हणून तुमच्या मागे लागलीयेत ना? मग सापशिडीचा खोका काढा. पट राहू द्या तसाच आत. आपल्याला हवेत फक्त दोन फासे. ते नसतील तर दोन चौकोनी खोडरबर घ्या, पेनाने ठिपके काढा, झाले फासे तयार!

पण ठिपके कसेही काढायचे नाहीत हं! बाजारातला फासा हातात धरून नीट बघा. १ च्या पाठीमागे ६ असतो, २ च्या मागे ५ आणि ३ च्या मागे ४. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी ७! एवढं ठाऊक असलं की एक झकास जादू करता येते. धाकट्याला सांगा, तीन फासे एकावर एक रच. मग सर्वांत वरचा आकडा नुसता बघा आणि २१ मधून वजा करा. वरती ४ असेल तर म्हणा, "झाकल्या गेलेल्या पाच बाजूंची बेरीज १७!" मनोरा उतरवून मोजू द्या त्याला. बरोबर १७ येतील. का येतात? तीन फाशांच्या वरच्या-खालच्या बाजू मिळून ७ गुणिले ३, म्हणजे २१. त्यातला दिसणारा आकडा काढला की उरले ते झाकलेले. जादू लगेच फोडू नका, दोन दिवस मिरवा!

आता खेळ. अगदी छोट्यांपासून सुरुवात करू या.

चिंचोक्यांचा सावकार

हा चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी. वाटीभर चिंचोके मधे ठेवा. फासा टाकायचा, जेवढे ठिपके तेवढे चिंचोके उचलायचे. दहा चिंचोके जमले की ते परत वाटीत टाकायचे आणि त्यांच्याबदली आगपेटीची एक जळकी काडी घ्यायची. ज्याच्याकडे पाच काड्या आधी जमतील तो सावकार.

सुरुवातीला छोटी मंडळी फाशावरचा एकेक ठिपका बोट लावून मोजतात. मोजू द्या, घाई करू नका. चार दिवसांनी बघा, पाच ठिपके दिसले की न मोजता "पाच!" म्हणून ओरडतील. आणि 'एक काडी म्हणजे दहा' हे त्यांच्या हाताला कळलं की पुढे शाळेत दशक-एकक शिकताना त्यांचं काही अडणार नाही.

शेकडा कुणाचा मोठा?

हा दुसरी-तिसरीतल्यांसाठी. प्रत्येकाने कागदावर तीन चौकोन काढायचे : शतक, दशक, एकक. फासा तीनदा टाकायचा. दर वेळी पडलेला आकडा कुठल्या तरी चौकोनात लिहायचा. एकदा लिहिला की खोडायचा नाही! सर्वांत मोठी संख्या ज्याची, तो जिंकला.

सोपं वाटतंय? समजा, पहिलं दान ४ पडलं. तो शतकाच्या घरात टाकाल, की ५ किंवा ६ ची वाट बघाल? वाट बघितली आणि मग २ न् १ पडले तर पंचाईत! तुम्ही काय करता आणि का करता, हे धाकट्याला मोठ्याने बोलून दाखवा. मग त्याचंही ऐका.

घोड्यांची शर्यत

आता दोन फासे. फरशीवर खडूने १२ पट्ट्या आखा आणि त्यांना १ ते १२ आकडे द्या. प्रत्येक पट्टीत दहा घरं. पट्टीच्या तोंडाशी एकेक बटण ठेवा, तो घोडा! दोन फासे टाकून बेरीज करायची आणि त्या आकड्याचा घोडा एक घर पुढे न्यायचा. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपापला घोडा निवडायचा. १ नंबरचा घोडा मात्र कुणाला घेऊ देऊ नका. का, ते धाकट्यालाच शोधू द्या. (दोन फाशांची बेरीज १ कशी होणार?)

तीन-चार शर्यती झाल्या की एक गोष्ट लक्षात येईल. २ आणि १२ चे घोडे बहुधा पागेतच पेंगत असतात आणि ६, ७, ८ चे घोडे पुढे धावतात. हे नशीब नव्हे दोस्तांनो, हा हिशेब आहे. एक फासा लाल समजा, दुसरा पांढरा. लालवर सहा आकडे, त्या प्रत्येकाबरोबर पांढऱ्यावरचे सहा, म्हणजे एकंदर ३६ प्रकारची दानं. त्यात १२ यायला एकच वाट : दोन्हीवर ६. पण ७ यायला सहा वाटा : १-६, २-५, ३-४, ४-३, ५-२ आणि ६-१. ६ आणि ८ ला पाच-पाच वाटा, ५ आणि ९ ला चार-चार. ४ आणि १० ला तीन-तीन, ३ आणि ११ ला दोन-दोन. बेरीज करून बघा, ३६ भरतात!

कुणी म्हणेल, "३-४ आणि ४-३ एकच की!" इथेच भलेभले चकतात. इटलीतल्या जुगाऱ्यांना एकदा असंच कोडं पडलं होतं. तीन फाशांची बेरीज ९ होण्याचे सहा प्रकार, १० होण्याचेही सहाच. मग १० जास्त वेळा का पडतात? हा प्रश्न सोडवला तो दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणाऱ्या गॅलिलिओने. त्याने फासे वेगवेगळे धरून सगळ्या २१६ वाटा मोजल्या. ९ ला २५ वाटा निघाल्या, १० ला २७. तेवढ्याशा फरकाचा पत्ता लागला तो चिकाटीने मोजल्यामुळे.

हावरट

हा मोठ्यांसाठी, म्हणजे तुमच्यासाठी. एकच फासा. आपली पाळी आली की हवा तितक्यांदा टाकायचा आणि पडलेल्या आकड्यांची बेरीज करत जायचं. वाटेल तेव्हा थांबून बेरीज वहीत जमा करता येते. पण थांबायच्या आधी १ पडला, तर त्या पाळीतले सगळे गुण गेले! पुढच्याची पाळी. आधी १०० गाठेल तो जिंकला.

थांबायचं कधी? गंमत बघा. पाळीत २० गुण जमलेत आणि तुम्ही आणखी एकदा टाकलात. १ पडला तर २० जाणार. बाकी पाच आकडे, २, ३, ४, ५, ६, यांची बेरीजही २०! म्हणजे जाणारे २० आणि मिळू शकणारे २०, फिट्टंफाट. २० च्या आत असाल तर टाकण्यात फायदा. २० च्या वर गेलात की हाव महागात पडायची शक्यता जास्त. तेव्हा २० झाले की थांबा, हा चांगला नियम. पण समोरचा ९५ वर पोचला असेल तर? मग थोडा हावरटपणा करावाच लागतो!

"मला कधीच सहा पडत नाही!"

आता खरी गोष्ट. ल्यूडो खेळताना सोंगटी बाहेर काढायला ६ लागतो. बाकीच्यांच्या सोंगट्या अर्ध्या वाटेवर, आणि छोटीच्या चारही सोंगट्या घरात. तिचे डोळे भरून येतात. "ताई, मला कधीच सहा पडत नाही. माझं नशीबच वाईट!" मग कुणीतरी चिडवतं, "हिचा हातच पांढऱ्या पायाचा!" सगळे हसतात. छोटी पट उधळून उठून जाते, आणि उद्या पाटी-पेन्सिल हातात घेतानाही म्हणते, "मला नाहीच येणार."

अशा वेळी तुम्ही मोठे आहात, तर तिच्या बाजूने हिशेब मांडा. एकदा फासा टाकला की ६ न पडण्याच्या वाटा सहापैकी पाच. ओळीने सहा वेळा टाकला तर एकदाही ६ न पडणं हे साधारण तीन मुलांतल्या एकाला होतं. दहा वेळा टाकूनही ६ न पडणं हे सहा मुलांतल्या एकाला होतं. म्हणजे चौघं जण खेळायला बसली की कुणाची तरी सोंगटी बराच वेळ घरात अडकणार, हे जवळपास ठरलेलंच. आज ती छोटी आहे, उद्या तुम्ही असाल.

दुसरी चूक उलट बाजूची. "दहा वेळा पडला नाही ना, मग आता पडणारच!" असं नसतं. मागच्या दहा वेळा काय झालं, हे फाशाला ठाऊक नसतं. तो कुणावर रुसत नाही आणि कुणाचे लाडही करत नाही. त्याला आठवणच नसते! प्रत्येक वेळी सहातली एक वाट, बस्स.

ताईचं नुसतं सांगणं छोटीला पटणार नाही. म्हणून तिला फासा ६० वेळा टाकायला लावा आणि प्रत्येक आकड्यापुढे रेघा मारा. दर आकडा दहाच्या आसपास येईल. ७-८ किंवा १२-१३ आले तरी फासा बरा आहे. पण खोडरबराच्या फाशात एकच आकडा २५ वेळा आला, तर दोष छोटीच्या हातात नसून खोडरबरात! तो फासा बदला. आणि ल्यूडोत घरचा नियम करा : तीन पाळ्यांत ६ पडला नाही तर एक सोंगटी आपोआप बाहेर. खेळ सगळ्यांचा चालला पाहिजे ना?

पैसे लावायचे नाहीत!

फाशाने माणसांचं वाटोळंही केलंय. ऋग्वेदात एक अख्खं सूक्त फाशांपायी घरदार गमावलेल्या जुगाऱ्याबद्दल आहे. त्या काळी फासे म्हणून बेहड्याच्या बिया वापरत. महाभारतात धर्मराज तर हरलाच, त्याच महाभारतातल्या गोष्टीतला नळराजाही पुष्कराकडून राज्य हरला. पुढे त्याला ऋतुपर्ण राजा भेटला. धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याची पानं-फळं किती, हे सांगणारा राजा! त्याच्याकडून नळ फाशांची विद्या शिकला आणि मग गेलेलं राज्य परत मिळवलं. आपल्या बोलण्यातला 'पोबारा' हा शब्दही सोंगट्यांच्या डावातलाच, एक आणि बारा मिळून पडणाऱ्या तेराच्या दानाचा.

पैशांच्या डावात शेवटी जिंकतो तो ज्याने नियम ठरवले तो. म्हणून आपल्या डावात चिंचोके, बटणं आणि जळक्या काड्या, एवढंच. हरलो तरी वाटी भरलेलीच!

या आठवड्याचं कोडं

बंडू म्हणतो, "चिंगे, दोन फासे टाकू, आकड्यांचा गुणाकार करू. सम आला तर मला एक गुण, विषम आला तर तुला एक गुण. सहाच्या सहा आकड्यांत तीन सम, तीन विषम. अगदी बरोबरीचा डाव!" खरंच बरोबरीचा आहे का? नसेल तर चिंगीला विषमासाठी किती गुण द्यायला हवेत? ३६ घरांचा तक्ता मांडा, मोजा आणि धाकट्यालाही मोजायला बसवा. उत्तर पुढच्या अंकात. तोवर फासे खुळखुळवा!