पदवीप्रदान समारंभाची तारीख कशी ठरते? पडद्यामागचं गणित समजून घ्या

काळा गाऊन, हातात पदवी आणि आई-बाबांसोबत सेल्फी. पदवीप्रदान समारंभात विद्यार्थी व्यासपीठावर जेमतेम काही सेकंद असतो. तयारी मात्र कित्येक आठवडे आधी सुरू होते. त्यात मोठी धावपळ असते ती मंडप, निमंत्रणपत्रिका आणि पाहुण्यांच्या तारखेसाठी. खरं तर ती नावांच्या यादीसाठी व्हायला हवी.

पडद्यामागे काय होतं?
निकालानंतर परीक्षा विभाग पात्र विद्यार्थ्यांची यादी तयार करतो. विद्यार्थी ऑनलाइन अर्ज करतात, शुल्क भरतात. नाव, स्पेलिंग, श्रेणी तपासून प्रमाणपत्रं छपाईला जातात. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. त्यांची आणि प्रमुख पाहुण्यांची वेळ जुळेपर्यंत तारीख अनेकदा अडते. संलग्न कॉलेजांतील बहुतेकांच्या हाती पदवी पडते ती त्यानंतर, कॉलेजमध्येच.

नियम काय सांगतो?
यूजीसीच्या २००८ च्या नियमावलीनुसार, विद्यार्थी पात्र ठरणं अपेक्षित असलेल्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवी द्यायला हवी. म्हणजे जूनअखेर पात्र ठरणाऱ्यांना डिसेंबर संपायच्या आत.

उशिराचा फटका कोणाला?
पाहुण्यांना नक्कीच नाही. नोकरीची कागदपत्र पडताळणी किंवा परदेशातला प्रवेश तोंडावर आलेल्यांना तो बसतो. प्रोव्हिजनल प्रमाणपत्र सगळीकडे चालत नाही. त्यात नाव चुकीचं छापलं गेलं, तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा हेलपाटे. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या मुलीचा एका अक्षरासाठी अख्खा दिवस मोडतो.

मग करायचं काय?
पहिलं, छपाईआधी प्रमाणपत्राचा नमुना प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवून होकार घ्यावा. विद्यापीठाच्या नावातच स्पेलिंग चुकलेली प्रमाणपत्रं राज्यानं पाहिली आहेत. दुसरं, डिजिलॉकर २०१५ पासून आहे. पदवी बहाल होताच तिथे दिसायला हवी. तिसरं, समारंभाची तारीख परीक्षेच्या वेळापत्रकासोबतच जाहीर करावी. कुलपती नसतील तर कुलगुरूंच्या अध्यक्षतेखाली समारंभ होऊ शकतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात तशी सोय आहे.

थाटमाट जरूर हवा. घरातला पहिला पदवीधर टाळ्यांचा हकदार आहेच. पण पाहुण्यांच्या तारखेसाठी त्याची नोकरी थांबत नाही. समारंभ त्याच्यासाठी आहे, हे नियोजनातही दिसायला हवं.